तात्यांचं टिंब

मागच्या निवडणुकीच्या धामधुमीत विट्याजवळच्या एका गावात तात्यांच्या सोप्यात बसलो होतो. पुढ्यात मतदार यादी, कोपरे दुमडलेले, वर प्लॅस्टिकची पिशवी. तात्या एकेका नावावर पेन्सिल टेकवत होते आणि नाव न वाचताच खूण करत होते. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, टिंब म्हणजे काठावरचा. मधेच काही नावांभोवती गोल काढलेला होता. हे काय, म्हणून विचारलं.

"ही गलाईवाली पोरं. कोण कोइमतूरला, कोण लखनौला. मत आपलंच हाय, पण माणूस कुठं हाय?"

सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर पांगली आहेत, त्यामुळे तात्यांना गोल काढायची सवय जुनीच. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा माणूस कोणाचा आणि हा माणूस मतदानाला येणार का, हे दोन प्रश्न तात्यांनी एकमेकांत मिसळू दिले नव्हते. मोठ्या प्रचारयंत्रणा संगणकाकडून प्रत्येक मतदाराला जे गुण देववतात, त्यांची सुरुवात नेमकी याच फरकापासून होते. एक गुण पाठिंब्याचा, एक गुण हजेरीचा, दोन्ही शून्य ते शंभर.

हे गुण येतात कुठून? तासगावच्या बेदाणा सौद्यात व्यापारी आख्खा माल उपसत बसत नाही. मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग बघतो, दाणा दाबतो आणि बोली लावतो. इथेही आधी मूठच घेतात: यादीतल्या काही हजार लोकांना फोन करून किंवा दारात जाऊन विचारतात, कोणाला मत देणार. मग संगणक शोधतो की 'यांना' म्हणणाऱ्यांत काय सारखं आहे. वय, बाई की पुरुष, कोणता बूथ, गावठाणातलं घर की मळ्यातली वस्ती. प्रत्येक गोष्टीला तो थोडं वजन देतो, कशाला अधिक, कशाला उणे. वजनांची बेरीज होते आणि ती बेरीज शून्य ते शंभरच्या आत बसेल अशी दाबली जाते. संख्याशास्त्रात याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. नाव जड आहे, काम तात्यांचंच. फरक एवढाच की ज्यांना कोणी कधी विचारलंच नाही अशा लाखो लोकांनाही ही वजनं लावून गुण देता येतात. तात्यांची पेन्सिल मात्र शिवेपाशी थांबते.

सत्तर गुण म्हणजे हा माणूस सत्तर टक्के आपला, असं नव्हे. मत एकच असतं, त्याचे तुकडे होत नाहीत. सत्तर गुण मिळालेली शंभर माणसं गोळा केली तर त्यातली सत्तरच्या आसपास आपली निघावीत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेली तीस कोण, ते गुण सांगत नाही. निघाली पंचावन्नच, तर मॉडेल, म्हणजे वजनांचा हा हिशेब, फुशारकी मारतंय असं समजायचं.

अमेरिकेत हे तंत्र फोफावलं त्याला कारण तिथली यादी. कोणी कोणाला मत दिलं हे तिथेही गुप्तच असतं, पण कोणी कोणत्या निवडणुकीत मतदान केलं याची नोंद सरकारी यादीत असते आणि ती पक्षांना मिळते. बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करताना पक्षही लिहितो. आपल्या यादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक. संपलं. मागच्या वेळी कोण आलं होतं हे बूथवर बसलेल्या पोरानं केलेल्या टिकांवरून कळेल तेवढंच, आणि त्या यादीचं निकालानंतर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडापावचं तेल टिपायला जाते.

म्हणून आपल्याकडे दोन आडवाटा निघाल्या. पहिली आडनावाची. आडनावावरून जात काढायची, जातीवरून मत. मला हा प्रकार आवडत नाही, पण इथे शास्त्राचीच अडचण सांगतो. सांगली जिल्ह्यात 'पाटील' म्हटलं तर तो मराठा असेल, जैन असेल, लिंगायत असेल, मुसलमानही असेल. इनामदारांचं तेच. बाहेरच्या शहरात बसून बनवलेलं मॉडेल इथे पहिल्याच वळणावर ओढ्यात जातं. शिवाय फोन नंबरांची यादी मतदार यादीशी जुळवताना एकाच गावात पाच-सहा 'सुनीता संजय पाटील' निघतात, त्यातल्या एकीचे गुण दुसरीला चिकटतात.

दुसरी वाट बूथनिहाय निकालाची. बूथ म्हणजे हजार-बाराशे मतदार, आणि कोणत्या बूथवर कोणाला किती पडली हे मोजणीनंतर उघड होतं. समजा, एका बूथवर झालेल्या हजार मतांपैकी सातशे एकाला पडली. मॉडेल तिथल्या प्रत्येकाला सत्तर गुण देऊन मोकळं होतं. पण त्या बूथमध्ये गावठाणातली सातशे मतं एकगठ्ठा असतील आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतली तीनशे एकगठ्ठा उलटी, तर सत्तर गुणांचा माणूस त्या गावात एकही नाही. ही मतं बूथवार कळू नयेत म्हणून अनेक यंत्रांची मोजणी एकत्र करणारं टोटलायझर वापरावं, अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ साली केली होती. ते अजून आलेलं नाही.

आता खरा पेच. गुण लागले, पुढे जायचं कोणाच्या दारात?

हिशेबच करू, आकडे मानलेले. एका संध्याकाळी चाळीस जणांना भेटता येतं. हजेरीचे ब्याण्णव गुण असलेल्यांकडे गेलो तर ते त्र्याण्णव होतील, म्हणजे चाळीस भेटींत अर्ध मतसुद्धा वाढत नाही. ती माणसं येणारच होती, चहा तेवढा झाला. पन्नास गुणांचे भेटीनं सत्तावन्न झाले तर चाळीस भेटींत जवळपास तीन माणसं जास्त आली. पण आली कोणाला? पाठिंब्याचे गुण ऐंशी असतील तर या तिघांतली बहुतेक मतं आपली. पाठिंबा पन्नासच असेल तर निम्मी आपली, निम्मी त्यांची, आणि संध्याकाळभर पायपीट करून हाती शून्य. म्हणजे काठावरच्या माणसाला नुसतं गाडीत घालून आणण्यात काही अर्थ नाही. त्याचं मन वळवावं लागतं. आणि तेच अवघड आहे. प्रचारानं मन किती वळतं याचे ४९ प्रयोग एकत्र तपासून कल्ला आणि ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ साली निष्कर्ष काढला: सार्वत्रिक निवडणुकीत दारात जाऊन, फोन करून, पत्रकं पाठवून होणारा परिणाम सरासरी शून्याच्या जवळ.

मतदानाला बाहेर काढण्याचं मात्र तसं नाही. १९९८ साली न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडून काहींकडे माणसं पाठवली, काहींना फोन केले, काहींना पत्रं, काहींना काहीच नाही. दारात जाऊन बोललेल्यांचं मतदान आठ-दहा टक्क्यांनी वाढलं, पगारी माणसांकडून केलेल्या फोननं काही हललं नाही. २००६ साली मिशिगनमध्ये याहून खट्याळ प्रयोग झाला. काही घरांना पत्र गेलं, त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागे मतदान केलं की नाही ते छापलेलं, आणि निवडणुकीनंतर पुन्हा कळवू असा दम. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात मतदान सुमारे ३० टक्के, या पत्रवाल्यांत सुमारे ३८. आपल्याकडे असं पत्र पाठवता येणार नाही, पण त्याची गरज तरी कुठे आहे? म्हैसूरच्या कारखान्यातली शाई १९६२ पासून हेच काम करते आहे. पारावर बसलेला म्हातारा आधी बोट बघतो.

भेटीनं किती फरक पडेल याचाही तिसरा गुण काढता येतो, आणि ओबामांच्या २०१२ च्या प्रचारात तो काढला होता. पण त्यासाठी आधी काही घरं चिठ्ठी टाकून मुद्दाम वगळावी लागतात, नाहीतर तुलना कशाशी करणार? तात्यांना हे सांगून बघितलं. "म्हंजे आपल्याच माणसाच्या दारात जायचं न्हाई? आन् तो रुसला मंग?"

आणि सगळे गुण बरोबर असले तरी निकाल हाती येतोच असं नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांना सुमारे ३२ हजार ७०० मतांनी हरवलं. शिंद्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. त्यातली किती बोट चुकून पडली हे मोजायला साधन नाही, पण माणूस आपला आहे आणि तो येणार आहे, एवढंच सांगणाऱ्या गुणांत यंत्रासमोर उभ्या म्हातारीची नजर धरलेली नसते. सांगलीत तर त्याच वर्षी महाविकास आघाडीची जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष लढले आणि लाखभर मतांनी निवडून आले. पक्षांच्या जुन्या मतांवर शिकलेल्या मॉडेलला लिफाफ्याचा मागचा इतिहास कुठून मिळणार?

मला मात्र जास्त खटकतं ते वगळलेल्यांचं. हजेरीचे गुण कमी, म्हणून कोणी फिरकत नाही. कोणी फिरकलं नाही, म्हणून ती माणसं येत नाहीत. पुढच्या वेळी मॉडेल हीच गैरहजेरी शिकतं आणि गुण आणखी उतरतात. भाड्याच्या खोल्या, पालं, ओढ्याकाठच्या चार झोपड्या. तात्यांच्या यादीत अशा पानांवर पेन्सिल लागलेलीच नव्हती.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरलो. एका फुलीच्या घरापुढून ते नेहमीसारखे पुढे निघाले. मला पाणी प्यायचं होतं, म्हणून मी थांबलो. सुनेनं तांब्या आणला, तात्यांकडे बघून म्हणाली, "आमच्याकडं तर तुम्ही कवा येतच न्हाई, मामा. मी काय सासऱ्याला इचारून मत देती व्हय?"

तात्या काही बोलले नाहीत. पुढच्या बोळात दिव्याखाली थांबून त्यांनी पिशवीतनं यादी काढली, घर क्रमांकावर बोट ठेवून दोन नावं खाली सरकले. "सासऱ्याची फुली ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि सुनेच्या फुलीवर थुंकीनं अंगठा घासून तिथं एक टिंब दिलं.