अफूवर्गीय नशा सुटताना झोप का उडते?

हेरॉईन किंवा मॉर्फिनची सवय सोडणारा माणूस रात्ररात्र तळमळतो, तेव्हा जवळचे लोक कळवळून सांगतात, "मन घट्ट कर, झोप लागेल." पण कितीही मन घट्ट केले तरी जिथे त्याचा हात पोहोचत नाही, अशा ठिकाणी ही झोप अडलेली असते.

मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. माणसात त्यात जेमतेम 50 हजारांच्या आसपास चेतापेशी, पण त्यांचे धागे जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरलेले. या पेशी नॉरॲड्रेनॅलिन सोडतात आणि आपल्याला सावध ठेवतात. गाढ झोपेत त्या मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम निद्रेत, जवळपास गप्प होतात. त्या गप्प झाल्या नाहीत तर झोप नीट लागत नाही.

या पेशींवर अफूवर्गीय द्रव्यांचे म्यू रिसेप्टर, म्हणजे ती द्रव्ये येऊन बसण्याच्या जागा, असतात. मॉर्फिन तिथे बसले की पेशीतले ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम दबते, सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू घटतो, पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि पेशीचे विद्युत स्पंदन मंदावते. औषध रोज मिळत राहिले की पेशी या दडपणाशी जुळवून घेते. ती ते एन्झाइम जास्त बनवते, त्याच्या पुढच्या साखळीतले प्रोटीन कायनेज एसुद्धा वाढवते आणि सायक्लिक एएमपी पुन्हा मूळ पातळीवर आणते. बंद दार कोणीतरी सतत खांद्याने रेटत असावे, तशी ही अवस्था. औषध थांबले की दार एकदम उघडते. रेटणारा मात्र तेवढ्याच जोरात असतो. सायक्लिक एएमपी उसळते, निळ्या ठिपक्यातल्या पेशी भराभर स्पंदू लागतात आणि मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी 1975 मध्ये ही उसळी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दाखवली. जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल 1968 चे नोबेल मिळवणारे हेच ते नीरेनबर्ग! मेंदूचा अख्खा पसारा नसताना, बशीतल्या पेशीसुद्धा 'सवय' शिकतात, याचे मला आजही अप्रूप वाटते. क्लोनिडीन हे रक्तदाबाचे औषध या त्रासात उपयोगी पडते, तेही याच पेशींना अल्फा-2 रिसेप्टरमार्गे शांत करून.

तीव्र त्रास साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो, झोप मात्र कित्येक आठवडे, कधी महिने बिघडलेली राहते. 'सात दिवसांत व्यसनमुक्ती' विकणाऱ्या जाहिराती नेमकी हीच गोष्ट लपवतात आणि आठव्या रात्री जागा असलेला माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो.

या लांबलेल्या जागरणात हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या, ऑरेक्सिन हे जागे ठेवणारे रसायन बनवणाऱ्या पेशींचाही हात असावा. 2018 मध्ये हेरॉईनचे व्यसन असलेल्यांच्या मरणोत्तर मेंदूंच्या अभ्यासात या जागे ठेवणाऱ्या पेशी सरासरी 54 टक्क्यांनी जास्त आढळल्या. त्या नव्याने जन्मल्या नसाव्यात. आधी जेमतेम ऑरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागल्यामुळे मोजणीत आल्या असाव्यात. ऑरेक्सिनचे रिसेप्टर अडवणारे सुव्होरेक्संट हे झोपेचे औषध 2014 पासून अमेरिकेत मान्य आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, अफूवर्गीय औषध कमी करत आणलेल्या रुग्णांची झोप त्याने वाढली. याउलट बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या मनाने घेणे धोक्याचे आहे. न झोपलेला माणूस पुन्हा नशेकडे वळला, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात, आणि काही दिवसांच्या खंडाने शरीराची सहनशक्ती घटलेली असल्यामुळे जुना डोसही जीव घेऊ शकतो.