अल्प साधनांतील आरोग्यसेवा (कोल्हापूर जिल्हा)

डॉक्टर, औषध, यंत्र किंवा रस्ता यांपैकी काहीतरी हाताशी नसताना रुग्णाला वाचवणे आणि आजार मुळात होऊ न देणे, या दोन्ही गोष्टी अल्प साधनांतील आरोग्यसेवेत येतात. ऊस आणि दुधामुळे कोल्हापूर सधन जिल्हा समजला जातो. पण बारा तालुक्यांपैकी शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हे डोंगराकडचे तालुके आहेत. तिथल्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही, रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. चंदगडचा रुग्ण तर कोल्हापूरपेक्षा बेळगावला लवकर पोहोचतो. इथे खरी टंचाई वेळेची आहे.

नियमानुसार सपाटीवर 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र असते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हाच आकडा अनुक्रमे 30,000 आणि 20,000 आहे. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, आणि शेवटी कोल्हापुरातले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सीपीआर’. त्याचे संस्थानकाळातले नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्लेगमध्ये शाहू महाराजांच्या संस्थानाने वस्ती रिकामी करून लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते, तेव्हा माणसांना रोगापासून दूर नेणे हाच उपाय हाती होता.

सर्पदंश. भातलावणीच्या दिवसांत साप चावल्याचे रुग्ण वाढतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी 20 मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर सर्पविषरोधक लस लगेच सुरू करायची. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. नाग आणि मण्यार यांच्या दंशात ही नळी उपयोगी नाही, तिथे रुग्णाच्या पापण्या जड होतात का ते पाहावे लागते. मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसतच नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि घरचे पित्त समजून थांबतात. ही चूक जिवावर बेतते. पट्टी करकचून बांधणे, जखम कापणे आणि मांत्रिकाकडे नेणे यांत गेलेला वेळ पुढे कोणतेही रुग्णालय भरून देऊ शकत नाही.

पाणी आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी शिकवलेला धडा असा, की रस्ते बंद होण्याआधीच दिवस भरत आलेल्या गरोदर बायांना सुरक्षित ठिकाणी हलवायचे आणि औषधांचा साठा पुढे पाठवायचा. पूर ओसरला की काम सुरू होते टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या ब्लीचिंग पावडरचे. हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ विहिरीत सोडायची आणि तासभर थांबायचे. मग ओ.टी. टेस्ट: नमुन्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. दमट खोलीत पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून पोत्यांची संख्या मोजून काम झाले असे मानू नये. पाण्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत इचलकरंजीने 2012 च्या काविळीच्या साथीत मोजली.

आशा. 2005 पासून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका नेमली जाते. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. “दूध ओढतंय का बाळ?” असे विचारत ती झोळीच्या काट्यावर वजन करते, ताप पाहते आणि मिनिटभर घड्याळ धरून श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 किंवा त्याहून जास्त भरले तर ते धोक्याचे लक्षण. या घरभेटींची मुळे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात आहेत. इतक्या जबाबदारीच्या कामाचे पैसे मात्र तिला मानधन आणि कामागणिक मोबदला म्हणून मिळतात, पगार म्हणून नाही. हा अन्याय आहे.

ऊसतोड मजूर. हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि फड संपला की पुढे सरकतात. त्यांच्या पोरांचा एक डोस एका गावात, तर दुसरा भलत्याच जिल्ह्यात येतो. म्हणून लसीकरणाचे पथक मजुरांच्या कोपीवर (झोपडीवर) संध्याकाळी, बाया फडातून परतल्यावर गेले तरच भेट होते. कार्ड ट्रंकेत असते, कधी पावसात भिजलेले, कधी गावीच राहिलेले. तेव्हा नर्सबाई आईला एकेक डोस आठवायला लावते आणि पोराची बाही वर करून डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधते.