शोग्रेन विकार आणि आवाज

शोग्रेन विकार हा दीर्घकाळ चालणारा स्वयंप्रतिकार आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच उलटते. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कैकपट असते आणि आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतो. डोळे चुरचुरतात, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. आवाज बिघडतो तेव्हा मात्र ‘घसा बसलाय’ म्हणून सोडून दिले जाते.

बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा कंप पावतात. त्यांच्यावर लगतच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रवाचा पातळ थर असतो. तो आटला किंवा चिकट झाला की तंतू हलवायला फुप्फुसांना जास्त जोर लावावा लागतो. गाणाऱ्या बाईला हे आधी जाणवते: वरच्या पट्टीतला हळुवार सूर लागतच नाही, जोर केला की आवाज फाटतो. शिक्षिका दुपारपर्यंत थकते, सारखी खाकरते आणि त्या खाकरण्याने तंतू आणखी सुजतात. काही रुग्णांच्या स्वरतंतूंवर बांबूच्या पेरांसारखे आडवे पांढुरके उंचवटे येतात. ते दुर्बिणीतूनच दिसतात.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची मुहूर्तमेढ सांगलीत रोवली. गायक अब्दुल करीम खाँ जवळच्याच मिरजेत स्थायिक झाले. गळा जपण्याची रीत त्यामुळे सांगली-मिरजेकडे मुरलेली आहे. पण नेहमीच्या बसलेल्या घशाचे उपाय या आजारात जपूनच करावेत. तोंडात लाळ नसताना दिवसभर खडीसाखर चघळली तर दात झपाट्याने किडतात. सर्दीच्या अनेक गोळ्या कोरडेपणा वाढवतात. ज्येष्ठमधाने घशाला तात्पुरता आराम वाटेल, ग्रंथी त्याने पूर्ववत होत नाहीत.

आवाज चार आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. डोळे आणि तोंडही कोरडे असेल तर संधिवाततज्ज्ञ रक्तातील प्रतिपिंडे पाहतात. कधी ओठाच्या आतल्या बाजूचा छोटा तुकडा काढून तपासतात. पूर्ण बरे करणारे औषध नाही. घोट घोट पाणी, वाफ, लाळ वाढवणारे पायलोकार्पिन आणि आवाजाचे व्यायाम यांनी फरक पडतो. वर्गात शिकवणाऱ्या बाईंना माईक मिळणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.