भाषांतराचा हक्क आणि परकीय दाब : आशियातील प्रताधिकार कायद्याची पार्श्वभूमी

आशियातील बहुतेक देशांत प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा राज्यकर्त्यांच्या सामानाबरोबर आला. इंडोनेशियात १९१२ चा डच कायदा लागू झाला, फिलिपिन्समध्ये १९२४ चा कायदा अमेरिकी अमलाखाली झाला आणि हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली पहिला कायदा केला. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, कोणाचीच वसाहत नव्हता, तरी १९३१ साली तोही बर्न करारात, म्हणजे एकमेकांच्या लेखकांना संरक्षण देण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, दाखल झाला. त्यामुळे या विषयातील परकीय प्रभावाची सुरुवात जागतिक व्यापार करारापासून मोजण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोयीची असली तरी बरोबर नाही. प्रभावाची साधने तेवढी बदलत गेली. आधी राजसत्ता होती, मग बहुराष्ट्रीय करार आले आणि शेवटी निर्यातीच्या सवलती रोखण्याची धमकी आली. या टिपणात मधल्या टप्प्याला अधिक जागा दिली आहे, कारण आशियाई देशांनी नियम स्वतःच्या गरजेनुसार वाकवण्याचा एकमेव संघटित प्रयत्न त्याच काळात केला.

या सर्व काळात वादाचा मुद्दा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरत राहिला : भाषांतर आणि पाठ्यपुस्तकांचे पुनर्मुद्रण. १८४७ च्या कायद्यात भाषांतराचा उल्लेख नव्हता. त्याचा अर्थ लावताना मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८९५ साली, इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या उर्दू भाषांतराबाबतच्या दाव्यात, भाषांतराने मूळ हक्काचा भंग होत नाही असे ठरवले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत, गुजरातीत आणि उर्दूत जी क्रमिक पुस्तके आणि कथावाङ्मय आले, त्याला ही मोकळीक लाभली होती. १९११ च्या साम्राज्यव्यापी ब्रिटिश कायद्याने ती संपवली. हिंदुस्थानासाठी १९१४ साली केलेल्या कायद्यात येथील परिस्थिती पाहून एक अपवाद ठेवण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा हक्क लेखकाकडे दहाच वर्षे राहील आणि त्या मुदतीत एखाद्या भाषेत त्याने स्वतः भाषांतर काढले, तर त्या भाषेपुरता तो पुढेही टिकेल, अशी ती तरतूद होती. मात्र लंडनमध्ये प्रथम छापलेले पुस्तक या सवलतीत बसत नव्हते. म्हणजे बंगाली कादंबरी दहा वर्षांनी मराठीत आणायला कोणाची हरकत नव्हती, इंग्रजी पदार्थविज्ञान आणायला मात्र परवानगी लागत होती.

जपानचे उदाहरण येथे तुलनेसाठी घ्यावे लागते. बर्न करारातील दहा वर्षांची भाषांतर-सवलत त्याने राखून ठेवली आणि १९७० च्या नव्या कायद्यानंतरही, जुन्या पुस्तकांपुरती का होईना, ती चालू ठेवली. आज प्रताधिकाराच्या कडक अंमलबजावणीचा आग्रह धरणाऱ्या देशांच्या पंगतीत जपान बसतो. त्याची स्वतःची वैज्ञानिक ग्रंथसंपदा उभी राहताना हा दरवाजा उघडा होता, ही गोष्ट विसरली जाते.

स्वातंत्र्यानंतर भारताने १९५५ साली नवे विधेयक मांडले, तेव्हा त्यात प्रताधिकाराची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नासऐवजी पंचवीस वर्षे सुचवलेली होती. संसदेच्या संयुक्त समितीने ती पुन्हा पन्नासवर नेली, कारण १९४८ साली ब्रुसेल्स येथे सुधारलेल्या बर्न कराराला मुदतीत कपात मान्य नव्हती आणि करारातून बाहेर पडण्याची तयारीही नव्हती. इंडोनेशियाने नेमके उलट केले. त्याने १९५८ च्या सुमारास बर्न करार सोडण्याचा निर्णय घेतला आणि पुढे १९९७ पर्यंत तो बाहेरच राहिला. भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याच्या ३२ व्या कलमात, प्रकाशनानंतर सात वर्षांत एखाद्या भाषेत भाषांतर झाले नसेल तर त्या भाषेतील भाषांतरासाठी परवाना मागता येईल, अशी सोय होती. ही कल्पना बर्नहून वेगळ्या अशा १९५२ च्या जागतिक प्रताधिकार करारातून घेतलेली होती. प्राथमिक पाठ्यपुस्तकांना सात वर्षांची प्रतीक्षा परवडली असती, पण अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांची सात वर्षांत नवी आवृत्ती येते आणि परवाना मिळेपर्यंत मूळ मजकूरच जुना झालेला असतो.

येथून १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेकडे जावे लागते. साठच्या दशकात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत विद्यापीठे वाढत होती, पुस्तके बाहेरून येत होती आणि त्यांची किंमत परकीय चलनात मोजावी लागत होती. भारतात जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला आणि आयात पुस्तकाची रुपयातली किंमत दीडपटीहून अधिक वाढली. त्या काळी ब्रिटिश सरकारच्या अनुदानाने निघणाऱ्या स्वस्त विद्यार्थी-आवृत्त्या आणि अमेरिकी गव्हाच्या विक्रीतून साठलेल्या रुपयांवर छापलेली पाठ्यपुस्तके विद्यार्थ्यांना मिळत होती, हे खरे. पण कोणते पुस्तक स्वस्त व्हावे हे देणाराच ठरवत होता. विकसनशील देशांना हवा होता तो हक्क, आणि तो त्यांना करारातच लिहून हवा होता.

स्टॉकहोममध्ये तो लिहिलाही गेला. बर्न कराराच्या सुधारित मसुद्याला विकसनशील देशांसाठी एक स्वतंत्र प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी मसुदा, जोडण्यात आला आणि त्याच्या बाजूने सर्वांत ठाम उभ्या राहिलेल्या देशांत भारत होता. प्रोटोकॉलनुसार अशा देशांना मुदत पंचवीस वर्षांपर्यंत कमी करता येणार होती, भाषांतराचे परवाने देता येणार होते आणि केवळ अध्यापन, अभ्यास व संशोधन यांसाठी ग्रंथांचा वापर अधिक मोकळेपणाने करता येणार होता. मोबदला द्यायचा होता, पण तो देशाच्या ऐपतीप्रमाणे. अशा तऱ्हेने तयार झालेल्या पुस्तकांची निर्यातही काही प्रमाणात शक्य होती. ब्रिटिश प्रकाशकांना सर्वांत जास्त खुपली ती हीच शेवटची गोष्ट, कारण इंग्रजीत छापलेली स्वस्त प्रत भारताच्या सीमेवर थांबेल याची शाश्वती नव्हती.

प्रकाशकांचा जाहीर युक्तिवाद मात्र वेगळा होता आणि तो तितकाच वजनदार होता, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल. शाळेच्या इमारतीसाठी सिमेंट हवे असेल तर सिमेंट-कंपनीने ते फुकट द्यावे असे कोणी म्हणत नाही, सरकार मदतनिधीतून ते विकत घेऊन देते. मग पुस्तकांचा भार लेखकाच्या रॉयल्टीवर का, असा तो प्रश्न होता. त्याला विकसनशील देशांकडून मिळालेले उत्तर असे की, मदत देणे न देणे धनको देशाच्या मर्जीवर असते आणि शिक्षणाचा कार्यक्रम मर्जीवर आखता येत नाही. शिवाय बाजारातच येऊ न शकणाऱ्या पुस्तकावर लेखकाचे बुडणार तरी काय? या दुसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाल्याचे दिसत नाही.

पेच निर्माण झाला तो मसुद्याच्या रचनेमुळे. प्रोटोकॉल हा सुधारित कराराचा अविभाज्य भाग ठरवलेला होता, त्यामुळे नवे मूळ कलम स्वीकारायचे तर प्रोटोकॉलही स्वीकारावा लागणार होता. पुस्तके निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांनी मग सगळ्याच गोष्टीला मान्यता देण्याचे टाळले. प्रोटोकॉल आपल्या पुस्तकांना लावू देण्यास तयार झालेल्या मोजक्या देशांत स्वीडन आणि बल्गेरिया होते आणि त्यांच्या पुस्तकांची येथील वर्गांत निकड नव्हती. दुसरीकडे, बर्न करार सोडून कमी कडक असलेल्या जागतिक प्रताधिकार करारात जाण्याचा मार्गही एका जुन्या संरक्षक कलमाने बंद केलेला होता. जो देश बर्नमधून बाहेर पडेल त्याला त्या दुसऱ्या करारानेही बर्न देशांत संरक्षण मिळणार नाही, असे ते कलम सांगत होते. हक्क मंजूर झाला पण बजावता येईना आणि घर सोडावे तर बाहेरचे फाटक लावलेले, अशी ती अवस्था होती.

१९६९ साली वॉशिंग्टन येथे तडजोडीचा आराखडा ठरला आणि जुलै १९७१ मध्ये पॅरिस येथे दोन्ही करार एकाच वेळी सुधारण्यात आले. संरक्षक कलम विकसनशील देशांपुरते शिथिल झाले आणि प्रोटोकॉलच्या जागी बर्न कराराला एक परिशिष्ट आले. पंचवीस वर्षांची मुदत गेली. राहिले ते भाषांतर आणि पुनर्मुद्रण यांचे सक्तीचे, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीशिवाय मिळणारे, परवाने, तेही इतक्या अटींनी बांधलेले की त्यांचा लाभ घेणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले.

भारताने या तरतुदी १९८३ च्या दुरुस्तीने ३२ आणि ३२-अ या कलमांत आणल्या. त्यांचा व्यवहारातला अर्थ कळण्यासाठी समजा, पुण्याच्या एका प्रकाशकाला अमेरिकी रसायनशास्त्राचे पुस्तक अध्यापनासाठी मराठीत आणायचे आहे. मराठी ही कोणत्याही विकसित देशात सर्रास वापरली जाणारी भाषा नसल्यामुळे त्याला तीनऐवजी एकच वर्ष थांबावे लागेल, ही मोठी सवलत. पण त्यापूर्वी त्याने हक्कधारकाकडे परवानगी मागितल्याचे आणि ती नाकारल्याचे दाखवले पाहिजे. हक्कधारक सापडला नाही, तर मूळ प्रकाशकाला रजिस्टर्ड एअरमेलने विनंती पाठवून किमान दोन महिने वाट पाहिली पाहिजे. त्यावर आणखी नऊ महिन्यांची मुदत आहे आणि तेवढ्यात हक्कधारकाने स्वतः मराठी भाषांतर काढले तर अर्ज निकालात निघतो. परवाना मिळालाच, तर प्रत भारताबाहेर विकता येत नाही. परदेशातील भारतीय नागरिकांना किंवा त्यांच्या संस्थांना इंग्रजी, फ्रेंच वा स्पॅनिश सोडून इतर भाषेतील भाषांतर शिक्षणासाठी पाठवण्याची मुभा आहे, पण ती सरकारला आणि त्या देशाच्या परवानगीने. पुढे हक्कधारकाने रास्त किमतीत स्वतःची मराठी आवृत्ती काढली, की परवाना संपुष्टात येतो. एवढा धोका पत्करून कोणता प्रकाशक मराठी पाठ्यपुस्तकात भांडवल घालील, हा प्रश्न पॅरिसला जमलेल्यांना पडला नव्हता असे मानणे कठीण आहे.

फिलिपिन्सने हा वळसा घेतलाच नाही. तेथे १९७३ साली निघालेल्या अध्यक्षीय हुकमाने, अवाजवी किमतीच्या पाठ्यपुस्तकांचे देशातच पुनर्मुद्रण करण्याची मुभा दिली आणि तो हुकूम १९९७ पर्यंत टिकला.

ऐंशीच्या दशकात करारांच्या वाटाघाटी मागे पडल्या आणि व्यापार पुढे आला. अमेरिकेने १९८४ च्या व्यापार कायद्याने निर्यात-सवलतींची सांगड बौद्धिक संपदेच्या संरक्षणाशी घातली आणि १९८८ मध्ये असे संरक्षण अपुरे असलेल्या देशांची वार्षिक यादी काढण्याची पद्धत सुरू केली. त्या दबावाखाली दक्षिण कोरियाने १९८६ मध्ये कायदा नव्याने लिहिला, सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी १९८७ मध्ये आपापले कायदे बदलले आणि चीनने जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेशी सामंजस्य करार करून त्याच वर्षी बर्न करारात प्रवेश केला. चीनमध्ये तर काही बाबतींत परकीय लेखकाला देशी लेखकाहून अधिक हक्क मिळाले आणि ती विषमता पुढे २००१ च्या दुरुस्तीत दूर करावी लागली. विशेष म्हणजे, ही ताकीद देणारा देश स्वतः बर्न करारात आला तो १ मार्च १९८९ रोजी. १८९१ पर्यंत त्याने परकीय लेखकांना संरक्षणच दिले नव्हते आणि इंग्रजी पुस्तक आपल्याच देशात छापले पाहिजे ही अट १९८६ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात जपली होती.

भारताचे नाव १९९१ च्या यादीत थायलंड आणि चीन यांच्यासह सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वाधिक दोषी ठरवलेल्या, गटात आले. १९९४ च्या दुरुस्तीत संगणक-प्रणालीच्या बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद झाली आणि कलावंतांचे हक्क व भाड्याने देण्याचा हक्क यांबाबतची कलमेही आली. यातले सगळेच बाहेरून लादलेले नव्हते, कारण देशी चित्रपट-संगीत आणि सॉफ्टवेअर उद्योगांनाही हा कडकपणा हवा होता. मुदतवाढ तर निव्वळ घरची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे साहित्य १९९१ अखेर खुले होणार होते, म्हणून २८ डिसेंबर १९९१ पासून अध्यादेशाने मुदत साठ वर्षांवर नेली गेली आणि ती सर्वच लेखकांना लागू झाली. १९५० मध्ये निधन झालेल्या साने गुरुजींची पुस्तके त्यामुळे २००१ ऐवजी २०११ पासून कोणालाही छापता येऊ लागली. ज्या देशाने १९६७ मध्ये पंचवीस वर्षांसाठी भांडण मांडले, त्यानेच बाहेरून कोणी न मागता दहा वर्षे वाढवून दिली, याची दखल त्या वेळी फारशी घेतली गेली नाही.

१ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने बर्न करारातील बहुतेक कलमे, पॅरिसच्या परिशिष्टासह, व्यापारी शिस्तीखाली आणली. तो अमलात आणण्यासाठी विकसनशील देशांना २००० पर्यंत अवधी होता. त्यानंतरचा दबाव द्विपक्षीय करारांतून आला. सिंगापूरने २००४ मध्ये आणि दक्षिण कोरियाने २०१३ मध्ये मुदत सत्तर वर्षे केली. भारत अजून साठवर आहे.

२०१२ मध्ये भारताने कायदा पुन्हा बदलला. डिजिटल कुलपे तोडण्याविरुद्धचे कलम आले, पण ते अमेरिकी नमुन्याहून बरेच सौम्य ठेवले गेले आणि दृष्टिहीनांसह सर्व अपंग वाचकांसाठी व्यापक अपवाद आला. परदेशात कायदेशीरपणे विकत घेतलेली स्वस्त प्रत आयात करण्यास मुभा देणारी तरतूद विधेयकात होती, ती प्रकाशकांच्या विरोधामुळे वगळली गेली. त्याच वर्षी दिल्लीतील एका विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, कारण तेथे अभ्यासक्रमातील प्रकरणांचे संच छायाप्रत काढून विकले जात होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकसदस्यीय न्यायासनाने हा वापर ५२ व्या कलमातील अध्यापनाच्या अपवादात बसतो असे ठरवले, डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्वतः तेच म्हटले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निकालांचा आधार ५२ वे कलम होते, ३२ आणि ३२-अ या कलमांतले परवाने नव्हते. ती दोन्ही कलमे कायद्यात अजून आहेत. अर्ज ऐकणारे प्रताधिकार मंडळ मात्र २०१७ मध्ये दुसऱ्या अपीलीय मंडळात विलीन झाले आणि ते मंडळही २०२१ मध्ये रद्द झाल्यामुळे, असा अर्ज आता न्यायालयातच करावा लागतो.