आधी चेहरा, मग चेष्टा

ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून पृथ्वीचं पुडिंग कापताहेत, हे इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८०५ सालचं चित्र अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. ते कळायला मात्र एक अट आहे: तो काटकुळा, टोकदार नाकाचा माणूस म्हणजे पिट, हे बघणाऱ्याला आधीच माहीत हवं. फोटोग्राफी अजून यायची होती आणि वर्तमानपत्रांत चित्रं जवळजवळ नसतच. मग लंडनमधल्या सामान्य माणसाला मंत्र्यांचे चेहरे ठाऊक झाले कसे? ज्या दुकानांत व्यंगचित्रं विकली जात, त्यांतल्या बऱ्याच दुकानांत थोरामोठ्यांची छापील व्यक्तिचित्रंही टांगलेली असत. हे दोन धंदे वेगळे समजणं ही नंतरच्या कलासमीक्षकांची सोय आहे.

व्यक्तिचित्रांची लाट आली ती मेझोटिंट या पद्धतीमुळे. दातेरी धारेचं वक्र हत्यार तांब्याच्या पत्र्यावर डोलवत डोलवत फिरवून आख्खा पत्रा आधी खरबरीत करायचा. त्यावर शाई चढवून छापलं तर नुसता मखमली काळा रंग उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. म्हणजे चित्र अंधारातून उजेडाकडे येतं. तैलचित्रातली त्वचा, रेशीम, मागचा काळोख यांना ही पद्धत फार शोभे. तिचा जन्म युरोपच्या मुख्य भूमीवर, सतराव्या शतकातला. पण इंग्लंडने ती इतकी आपलीशी केली की फ्रेंच लोक तिला ‘इंग्रजी रीत’च म्हणू लागले. जोशुआ रेनॉल्ड्सने रंगवलेली सरदार-सरदारणींची चित्रं डब्लिनहून आलेल्या जेम्स मॅकआर्डेलने मेझोटिंटमध्ये उतरवली. ‘हाच माणूस मला अमर करणार’ असं रेनॉल्ड्स त्याच्याबद्दल म्हणाल्याचं सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती कमीच आहे. मूळ चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात लटकायचं, छापील प्रती गावभर जायच्या. मात्र मेझोटिंटचा पत्रा लवकर झिजतो, म्हणून पहिल्या प्रतींना भाव जास्त. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्याने इंग्लंडच्या चरित्रात्मक इतिहासाचा ग्रंथ काढला, त्यात कोणाकोणाची छापील व्यक्तिचित्रं आहेत याची नोंद दिली. झालं! हौशी लोकांना चेहरे गोळा करण्याचं वेडच लागलं आणि जुन्या चित्रांचे भाव कडाडले.

या सगळ्याला कायद्याचा आधार मिळवून दिला विल्यम होगार्थ या चित्रकाराने. १७३२ मधली त्याची एका वेश्येच्या कहाणीची चित्रमालिका इतकी खपली की नकलाकारांनी त्याला पार लुटलं. त्याने काही सहकाऱ्यांसह पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांना १४ वर्षांचं संरक्षण देणारा कायदा अमलात आला. होगार्थ पक्का व्यवहारी. पुढची मालिका त्याने कायदा लागू होईपर्यंत दाबून ठेवली. कायद्याची अट अशी की पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरायची. इतिहासकारांना याचा आयता फायदा झाला. त्या काळातली अमुक थट्टा कोणत्या दिवशी दुकानात लागली, हे बहुतेक वेळा चित्राच्या तळाशीच वाचता येतं.

व्यक्तिचित्र कुठे संपतं आणि टवाळी कुठे सुरू होते, हे होगार्थने काढलेल्या जॉन विल्क्स या पार्लमेंट सदस्याच्या चित्रात पाहावं. १७६३ मध्ये, राजावर टीका केल्याच्या प्रकरणात विल्क्स कोर्टात उभा असताना होगार्थने त्याला टिपलं. तिरळे डोळे, शिंगांसारखा वर आलेला विग, ओठांवर कावेबाज हसू. खोटं म्हणावं तर तसं काहीच नाही. विल्क्स खरोखरच तिरळा होता. चित्र धडाक्यात खपलं आणि पठ्ठ्या विल्क्स म्हणाला, मी दिवसेंदिवस या चित्रासारखाच दिसायला लागलोय.

गिलरेची गोष्ट याच्या उलट. तो रॉयल अकादमीत शिकलेला, त्याला गंभीर खोदकाम करायचं होतं. १७८९ मध्ये त्याने पिटचं रीतसर व्यक्तिचित्र कोरलंही, पण त्या वाटेने त्याचं काही जमलं नाही. मग तोच हात व्यंगाकडे वळला. पुढे तो हॅना हम्फ्री या प्रकाशक बाईच्या दुकानाच्या वरच राहायचा. १७९७ पासून हे दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर होतं. तांब्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग तेजाब. अक्षरंही उलटी कोरायची. छापून झालं की प्रती हाताने रंगवायच्या. साधी प्रत साधारण शिलिंगभर, रंगीत दुप्पट. मजुराला हे परवडणारं नव्हतं, पण दुकानाची खिडकी फुकट होती आणि तिच्यासमोर गर्दी असे. पिकॅडिलीतला दुकानदार फोर्स तर व्यंगचित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळसाठी भाड्याने द्यायचा.

तरुण राजकारणी जॉर्ज कॅनिंग गिलरेच्या चित्रात आपण कधी दिसणार म्हणून ओळखीपाळखीतून खटपट करत होता! शेवटी १७९६ च्या एका चित्रात तो दिसला, दिव्याच्या खांबाला फाशी दिलेला. त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं. ज्याचा चेहरा कुणाला ठाऊक नाही, त्याची कोण चेष्टा करणार?

हिंदुस्थानही या पत्र्यांवर सतत येत होता. १७८३ च्या डिसेंबरात जेम्स सेयर्स या व्यंगचित्रकाराने चार्ल्स फॉक्स या मंत्र्याला मोगली वेशात हत्तीवर बसवलं. हत्तीला तोंड फॉक्सचा सत्तेतला जोडीदार लॉर्ड नॉर्थचं, आणि वरात निघालीय ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीकडे. कंपनीचा कारभार तिच्या संचालकांकडून काढून घेणाऱ्या फॉक्सच्या ईस्ट इंडिया विधेयकावरचा हा वार होता. दोनेक आठवड्यांत विधेयक उमरावांच्या सभागृहात पडलं. पडलं ते राजाच्या दबावामुळे, तरी भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. पिट सत्तेवर आल्यावर सेयर्सला सरकारी पद मिळालं, हेही जाता जाता.

१७९१ च्या डिसेंबरात गिलरेने कॉर्नवॉलिसची श्रीरंगपट्टणहून झालेली माघार चितारली. तटावरचा टिपू खाली लघवी करतोय आणि गाढवावरचा गव्हर्नर जनरल पळतोय. शीर्षकात निमित्त मॉन्सूनचं. प्रत्यक्षात मे महिन्यातल्या त्या माघारीत उपासमारीने टेकीला आलेल्या इंग्रज फौजेला धान्य आणि बैल मिळाले ते परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी लष्कराकडून.

पुण्याचे चेहरे लंडनला पोचले ते दुसऱ्या वाटेने, गंभीर व्यक्तिचित्रांच्या. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रं काढली. पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र पुरं करायच्या आत, १७९५ मध्ये तो वारला. ते थॉमस डॅनियलने रंगवलं आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने छापासाठी कोरलं. तोवर पेशवाही गेला होता आणि नानाही.

गिलरेचा सगळ्यात बोचरा पत्रा माझ्या मते १७९२ च्या जुलैतला. युवराज जॉर्ज जेवून आडवा पसरलाय, काट्याने दात कोरतोय, पोटावरचा वेस्टकोट फुटायच्या बेतात आहे. मागे तुडुंब भरलेल्या मूत्रपात्राखाली दाबून ठेवली आहेत न भरलेली बिलं. आणि हे सारं नाजूक ठिपक्यांच्या त्या पद्धतीने, जिच्यात सभ्य लोकांची सभ्य चित्रं करत. युवराज स्वतः अशा चित्रांचा गिऱ्हाईक होता. १८२० मध्ये राजा झाल्यावर मात्र त्याच्या माणसांनी जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला १०० पौंड दिले, महाराजांना कोणत्याही अनैतिक प्रसंगात न दाखवण्याच्या बोलीवर. विंडसरच्या राजवाड्यात साठलेला व्यंगचित्रांचा मोठा संग्रह, सुमारे १०,००० चित्रं, १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. तो आजही तिथेच आहे.