सुरंगी की नागकेशर? आधी फूल कुठे बसलंय ते पाहा

शिगम्याच्या सुमारास म्हापशाच्या बाजारात सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं ‘तांबडं नागकेशर’ म्हणजेही बहुतेक वेळा सुरंगीच्याच वाळलेल्या कळ्या. खरं नागकेशर हे निराळं झाड. पण दोघांचं कूळ एकच, दोन्ही सदाहरित, दोघांच्या फुलांना चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुबका. त्यामुळे रोप घेतानाही फसगत होते.

सुरंगीच्या कळ्या जुन्या, पानं झडलेल्या फांद्यांना झुबक्यांनी लगडतात. फूल जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं. गोल कळी फुटते तेव्हा तिचं कवच दोन शकलांत उलगडतं. नागकेशराचं फूल कोवळ्या डहाळीवर, पानाच्या बेचक्यात किंवा शेंड्याला, एकटंदुकटं येतं आणि पाच ते सात सेंटिमीटर रुंद असतं. त्याची चार निदलं पुढे फळालाही चिकटून राहतात.

बहर नसेल तर पान उलटून पाहावं. नागकेशराचं पान अरुंद, खालून पांढुरकं, मेणचट. सुरंगीचं रुंद, जाड, दोन्हीकडून हिरवं, शिरांची बारीक जाळी असलेलं. नागकेशराची नवी पालवी लालभडक आणि लोंबती असते. तो रोग समजून फवारणी करू नये, काही दिवसांत ती आपोआप हिरवी होते.

औषधासाठी घेताना तर डोळे उघडे ठेवायलाच हवेत. चतुर्जात या आयुर्वेदातल्या चार सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणात दालचिनी, तमालपत्र आणि वेलदोड्याबरोबर पडतं ते खरं नागकेशर, म्हणजे सुटे, सोनेरी-तपकिरी केसर. दुकानदाराने देठासकट गोल, तांबूस कळ्या दिल्या, तर ती सुरंगी. शंका वाटली तर दोन-चार कळ्या अर्धा तास पाण्यात भिजवून नखाने उकलाव्यात; कवचाची दोन शकलं निघाली तर सुरंगी. गोड्या मसाल्यातलं लवंगेसारखं काळं नागकेशर हे आणखी तिसरंच, दालचिनीच्या जातभाईंचं कोवळं फळ.

सुरंगीची खरी शान वळेसरात. कळ्या उजाडायच्या आत, मिटलेल्या असतानाच काढाव्यात. ऊन चढलं की त्या फुटतात आणि ओवताना केसर गळतात. सुकल्यावरही वास टिकतो, म्हणून वाळलेल्या कळ्यांना अत्तरासाठी मागणी असते. पूर्वी रेशीम रंगवायलाही त्या वापरत. नागकेशराचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. रेल्वेच्या स्लीपरना ते वापरलं गेलं.

लावणीत जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं. नागकेशराला ओलावा आणि लहानपणी सावली लागते, म्हणून ते कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला लावावं. सुरंगी डोंगरउताराच्या भाटातही, म्हणजे बागायतीतही, तग धरते. दोन्हींसाठी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळात कुजलेलं शेणखत, झाडांत सात-आठ मीटर अंतर; लावणी जूनमध्ये. खड्ड्यात पाणी साचू देऊ नये. जांभ्या जमिनीत डिसेंबरनंतर ओल उरत नाही, तेव्हा पहिले दोन उन्हाळे पाणी आणि पाचोळ्याचं आच्छादन हवंच.

नागकेशराचं बी ताजं असतानाच पेरावं, साठवलं तर उगवण झपाट्याने घटते. सोटमूळ खोल जातं, म्हणून उंच पिशवी घ्यावी. मूळ दुमडलेलं रोप खड्ड्यात गेलं की खुरटतं. सुरंगीची अडचण वेगळी. काही झाडांना फक्त नर फुलं येतात, आणि बियांपासून केलेलं रोप कसलं निघणार हे पहिला बहर येईपर्यंत कळत नाही. त्याला बरीच वर्षं जातात. त्यापेक्षा ज्या झाडाच्या कळ्या पसंत असतील, त्याचीच काडी घेऊन सुरंगीच्याच रोपावर कलम करावं.