पायथन २ मधील लॉग-स्क्रिप्ट पायथन ३ वर नेताना: पार्श्वभूमी

सर्व्हरच्या लॉग फायली (घडलेल्या घटनांच्या नोंदी) चाळून त्यांतून आकडे काढणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, पायथन या भाषेच्याही आधीपासून लिहिल्या जात आहेत. १९७७ साली बेल लॅब्समध्ये तयार झालेली ऑक आणि १९८७ साली लॅरी वॉल यांनी आणलेली पर्ल या दोन्ही भाषांचा जन्मच ओळीओळीने मजकूर तपासण्याच्या गरजेतून झाला. पुढे रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर यम या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनासाठी पायथन २ आयतेच बसवलेले असे, म्हणून अनेक प्रशासकांनी आपल्या स्क्रिप्ट त्यात लिहिल्या, ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला लावल्या आणि त्या बिनबोभाट चालत असल्यामुळे पुन्हा उघडून पाहिल्या नाहीत.

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध झाले, तेव्हा जुन्या कोडशी असलेली सुसंगतता जाणूनबुजून सोडलेली होती. २०१० मध्ये आलेल्या २.७ या आवृत्तीला २०१५ पर्यंतच आधार मिळायचा होता. परंतु स्थलांतर रेंगाळलेले पाहून २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली आणि २.७.१८ ही शेवटची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. एवढा काळ का लागला, याचे कारण पायथन ३ मध्ये प्रिंट या आज्ञेत घालाव्या लागणाऱ्या कंसांत शोधण्यात अर्थ नाही. ते काम जुना कोड आपोआप बदलणारे टू-टू-थ्री हे साधन काही सेकंदांत करत असे. खरी अडचण लॉगची ओळ म्हणजे बाइट्स (साठवलेले कच्चे आकडे) की मजकूर (त्यांतून वाचलेली अक्षरे), या प्रश्नाची होती. पायथन २ ने तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. पायथन ३ ने मात्र दोन्हींचे प्रकार वेगळे केले आणि उत्तर देण्याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर टाकली.

सिस्लॉग या लॉग-संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे उदाहरण घेऊ. तिचे वर्णन करणाऱ्या २००१ च्या आरएफसी ३१६४ या दस्तऐवजानुसार एका संदेशाची कमाल लांबी १०२४ बाइट्स आहे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) ‘म’ हे एक अक्षर तीन बाइट्स घेते. त्यामुळे मराठी फाइलनाव किंवा शोधशब्द असलेला लांब संदेश या मर्यादेवर कापला गेला, तर शेवटच्या अक्षराचे एक-दोन बाइट्सच शिल्लक राहू शकतात. पायथन २ ची स्क्रिप्ट ते अर्धवट अक्षर जसेच्या तसे पुढे ढकलत असे. पायथन ३ मध्ये तीच ओळ वाचताना युनिकोडडिकोडएरर (बाइट्सची अक्षरे न बनल्याची चूक) येतो आणि ती चूक हाताळलेली नसेल, तर पुढचा सगळा लॉग न वाचताच स्क्रिप्ट थांबते. त्यात क्रॉनची भर पडे. क्रॉनच्या वातावरणात लोकेल (भाषा आणि एन्कोडिंग सांगणारी मांडणी) ठरवलेले नसले, की पायथन ३ च्या ३.६ पर्यंतच्या आवृत्त्या फाइल आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची, समजून उघडत आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला अडखळत. टर्मिनलवर हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चाले आणि रात्री तीच बंद पडे, ती बहुधा यामुळेच.

भाषेने हळूहळू वाट मोकळी केली. ३.१ मध्ये न उलगडणारे बाइट्स जपून ठेवणारी सरोगेटएस्केप ही सोय आली, ३.५ मध्ये बाइट्सवर टक्केचिन्हाचे फॉरमॅटिंग (साच्यात मूल्ये भरण्याची सोय) परत आले आणि ३.७ ने सी लोकेलमध्येही (लोकेल ठरवलेले नसताना लागू होणाऱ्या) यूटीएफ-८ धरून चालायला सुरुवात केली. तरीही अर्धवट कापलेले अक्षर ३.७ नंतरही चूकच ठरते; म्हणून लॉगची फाइल उघडताना एन्कोडिंग आणि चुकांचे धोरण दोन्ही स्पष्ट लिहावे, असे माझे मत आहे. ज्या स्क्रिप्टला फक्त ओळी मोजायच्या आहेत, तिने तर बाइट्सच वाचावेत.

काही बदल ओरडून सांगतात, काही गप्प राहतात. अपाचे या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये एकही बाइट पाठवला गेला नसेल, तर आकाराच्या जागी आडवी रेघ येते. पायथन २ मध्ये कोणताही आकडा स्ट्रिंगपेक्षा (मजकुरापेक्षा) लहान मानला जाई; त्यामुळे आकड्यांत न बदललेल्या या रेघा उतरत्या क्रमाच्या यादीत मुकाट्याने सर्वांत वर जाऊन बसत. पायथन ३ अशी तुलना करायला नकार देते, हे बरेच झाले. भागाकाराचे मात्र उलटे आहे. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्वी पूर्णांकच येई, आता तो अपूर्णांकात येतो, म्हणून किलोबाइट्सची बेरीज कोणतीही चूक न दाखवता बदलते. त्यामुळे जुन्या आणि नव्या स्क्रिप्टला एकच लॉग देऊन दोन्हींचे अहवाल डिफ या फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडून पाहिल्याशिवाय जुनी स्क्रिप्ट काढू नये.

ज्यांनी हे काम आजवर लांबणीवर टाकले, त्यांना एक साधनही गमवावे लागले आहे: ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीतून टू-टू-थ्री काढून टाकण्यात आले, त्यामुळे ते वापरायचे असेल तर आधी पायथन ३ ची एखादी जुनी आवृत्ती बसवावी लागते.